बोनस पडला की राजीनामे

चतुर्थीचा बोनस खात्यात पडला की पुढचे दोन-तीन आठवडे सकाळी मेल उघडायचा मला कंटाळा येतो. दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, सात दिवसांचा, ज्याच्या घरी जसा गणपती तसा तो पोचवून लोक कामावर येतात आणि आल्या आल्या पहिला राजीनामा येऊन पडलेला असतो. कारण ठरलेलं, पर्सनल रीझन्स. हे पर्सनल रीझन म्हणजे बहुतेक वेळा इथेच, गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, दोन प्लॉट सोडून असलेली दुसरी कंपनी, जिथे चार-पाच हजार जास्त मिळतात आणि बस थेट म्हार्दोळपर्यंत येते. दुसरा हंगाम इन्क्रिमेंटची लेटरं वाटून झाली की. तेव्हा जाणारे जरा रागाने जातात, बोनसनंतर जाणारे हसत जातात, इतकाच फरक.

मी फार्मा कंपनीत एचआरला आहे. कंपनीचं नाव विचारू नका, आणि ओळखलंत तरी गप्प राहा. राहते डिचोलीला, म्हणजे रोज बसमध्ये एवढा वेळ जातो की लोक काय बोलतात ते आपसूक ऐकू येतं, आणि एचआरची बाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसलीय म्हणजे झोपली असणार असं समजून लोक बरंच काही बोलतात. कोण कुठे इंटरव्ह्यूला जाऊन आला, कुठल्या कंपनीत कँटीन चांगलं आहे, कुठला मॅनेजर नाइट शिफ्टला फोन करून छळतो. ही माहिती मला कुठल्याच एक्झिट इंटरव्ह्यूत मिळत नाही. एक्झिट इंटरव्ह्यूत सगळे म्हणतात कंपनी खूप चांगली आहे मॅडम, खूप शिकायला मिळालं.

आमच्या प्लांटमध्ये एक सीनियर साहेब आहेत, प्रत्येक राजीनाम्याच्या वेळी त्यांचं एक वाक्य येतं, आजकालच्या पोरांना लॉयल्टी म्हणून नाही. मी मान हलवते. त्यांची स्वतःची फाईल माझ्याच कपाटात आहे आणि त्यात तीन कंपन्यांची रिलीव्हिंग लेटरं आहेत, पण ते असो. मला खरंच विचार करावासा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा, की ही जी लॉयल्टी आधी होती म्हणतात ती नेमकी कोणाशी होती?

माझे बाबा खाणीवर होते. म्हणजे खड्ड्यात नाही, ऑफिसमध्ये, पण आमच्याकडे सगळ्यालाच खाणीवर म्हणतात. त्या काळी डिचोली-साखळी-कुडचडेच्या बाजूला कोणाला विचारलं, तुझे वडील काय करतात, तर कोणी कंपनीचं नाव सांगत नसे, घराण्याचं नाव सांगत. अमक्यांकडे आहेत. चौगुल्यांकडे, धेंप्यांकडे, साळगावकरांकडे. हे सगळे माणसांचे, कुटुंबांचे धंदे होते आणि त्या कुटुंबांची नावं नुसती खाणीवर नव्हती, मडगावचं चौगुले कॉलेज, पणजीचं धेंपे कॉलेज, फुटबॉलला धेंपो आणि साळगावकर, म्हणजे ज्याच्याकडे बाप कामाला त्याच्याच कॉलेजात पोरगा शिकायला आणि रविवारी फातोर्ड्याला त्याच्याच टीमसाठी ओरडायला. शेठ लग्नाला यायचे. कोणी वारलं तर माणूस पाठवायचे. पगार काही फार नव्हता हो, बाबांच्या जुन्या स्लिपा मी बघितल्यात. पण मालकाला चेहरा होता आणि त्या चेहऱ्याला बाबांचं नाव माहीत होतं.

आता हे सगळं आठवून गळा काढायचा असेल तर जरा थांबा, कारण त्याच्याही मागे आमच्या गोव्यात एक जुनी सवय आहे, भाटकार आणि मुंडकार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भाटकार म्हणजे जमिनीचा मालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा, घर राहू दिलं म्हणून भाटकाराच्या माडांची राखण करायची, बोलावलं की जायचं, सणाला हजेरी लावायची. उलट बोलला तर घर खाली कर. १९६४ चा कूळ कायदा आला, मग शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कसेल त्याची जमीनवाली दुरुस्ती, तेव्हा कुठे कागदावर तरी ही माणसं मोकळी झाली. कागदावर म्हणते कारण मुंडकारीच्या केसेस मामलेदाराकडे अजून पडून आहेत हे गोव्यातल्या कोणालाही माहीत आहे. तर सांगायचं काय, की जुन्या माणसांची ती मान खाली घालून तीस वर्षं एकाच ठिकाणी राहायची जी पद्धत आहे ना, तिच्यात थोडं प्रेम होतं, थोडी भीती होती आणि बराचसा दुसरा रस्ताच नाही हा भाग होता. त्या सगळ्याला मिळून आपण आता लॉयल्टी म्हणतो आणि तेवीस वर्षांच्या बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या पोराकडून तीच मागतो.

आणि मालकाचा तो चेहरासुद्धा राहिला नाही. २००७ मध्ये सेसा गोवा ही खाणकंपनी जपानच्या मित्सुईकडून वेदांताकडे गेली, २००९ मध्ये धेंप्यांचा खाणधंदा सेसाने घेतला. मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी बंद केल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने, २०१४ मध्ये अटी घालून परवानगी आली, फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीजं रद्द केली आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं ठप्प. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणत नाही, बेसुमार उपसा झाला होता आणि आमच्याच शेतांत तो लाल चिखल उतरला होता. पण आमच्या आजूबाजूच्या घरांत काय झालं ते सांगते. वीस-पंचवीस वर्षं एका जागी काढलेली माणसं, आधी अर्ध्या पगारावर घरी, मग व्हीआरएसचा कागद, मग कोणाकोणाला रिट्रेंचमेंट. कायद्याप्रमाणे मिळायचं ते बऱ्याच जणांना मिळालं, पण पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला ते घेऊन जायचं कुठे? बार्जवाले, ट्रकवाले, गॅरेजवाले, सगळ्यांचंच. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांची तर कथाच वेगळी. ही मुलं, जी आज माझ्यासमोर बसून नोटीस पिरियड कमी करा म्हणतात, ती तेव्हा सातवी-आठवीत होती, काही दहावीत. वर्गात बसून त्यांना कोणी लॉयल्टीवर लेक्चर दिलं असेल-नसेल, घरी बापाला दुपारी पडवीत बसलेलं त्यांनी रोज बघितलंय.

बाबांचं मात्र मत बदलत नाही. मी मागची कंपनी सोडली तेव्हा त्यांनी विचारलं, काय गो, परत सोडलीस? त्यांनी काही त्रास दिला? मी म्हटलं त्रास नाही बाबा, पगार. तर म्हणाले, पगारासाठी कोण सोडतं, आज ना उद्या वाढवतील ते. आई आतून म्हणाली, तुमचा वाढवला का? मग विषय बंद.

आता जरा आकडे बघू, कारण या विषयावर सगळे भावनेने बोलतात आणि माझं काम एक्सेलमध्ये आहे. एका कंपनीत टिकून राहिल्याचं कायद्याने मिळणारं बक्षीस म्हणजे ग्रॅच्युइटी. नियम १९७२ च्या कायद्यापासूनचा, आता तो नव्या श्रम संहितेत गेलाय, पाच वर्षं पूर्ण पाहिजेत, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तोही मुख्यतः बेसिक आणि डीएवर, महिना सव्वीस दिवसांचा धरून. समजा शेवटचं बेसिक १५ हजार आहे आणि माणूस २० वर्षं राहिला, तर हिशेब होतो साधारण १ लाख ७३ हजार. वीस वर्षांचे. दुसरीकडे एक मुलगा २५ हजारांवर होता, त्याने कंपनी बदलली आणि २० टक्के वाढ घेतली, म्हणजे महिन्याला ५ हजार, वर्षाला ६०. तीन वर्षांत त्याने ती वीस वर्षांची ग्रॅच्युइटी भरून काढली. अजून सतरा वर्षं हातात आहेत.

पेन्शनचं म्हणाल तर प्रायव्हेटमध्ये ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची १९९५ ची पेन्शन योजना. त्यात पेन्शनेबल पगाराची मर्यादा १५ हजार, सूत्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पस्तीस वर्षं भरली तरी महिन्याला साडेसात हजार. आणि गंमत अशी की ही वर्षं एकाच कंपनीत भरायची गरजच नाही, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवून पीएफ ट्रान्सफर करत गेलात तर पाच कंपन्यांची मिळून दहा वर्षं झाली तरी पेन्शनचा हक्क लागतो. म्हणजे सरकारच्या हिशेबातसुद्धा एका दाराशी बसून राहणाऱ्याला फारसं वेगळं काही नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात, त्यात तर फिक्स्ड टर्मवर घेतलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. पाच वर्षांचं ते गाजर त्यांच्यापुरतं गेलंच.

यात आमच्या बाजूची, म्हणजे कंपन्यांच्या बाजूची एक गोष्ट मी सांगायला नको पण सांगते. बहुतेक ठिकाणी नवीन भरतीचं बजेट वेगळं असतं आणि जुन्यांच्या इन्क्रिमेंटचं वेगळं. इन्क्रिमेंटला सरळ एक टक्केवारी ठरवून मिळते, आठ म्हणा, नऊ म्हणा, आणि ती सगळ्या डिपार्टमेंटमध्ये वाटायची. पण बाहेरून माणूस आणायचा तर बाजारभाव द्यावाच लागतो. त्यामुळे होतं असं की चार वर्षं इमानाने एचपीएलसीवर, म्हणजे औषध तपासायच्या मशीनवर, बसलेल्या मुलीपेक्षा परवा आलेला मुलगा जास्त घेतो आणि त्याला ते मशीन शिकवायचं काम त्याच मुलीला असतं. हे तिला कळत नाही असं मॅनेजमेंटला वाटतं. अहो, पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये कळतं. मग ती राजीनामा देते, मग आपण काऊंटर ऑफर देतो, म्हणजे कालपर्यंत जे पैसे नव्हते ते आज अचानक निघतात. आणि एकदा हे निघालेले पैसे बाकीच्यांनी बघितले की त्यांनाही समजतं की पगार वाढवायचा फॉर्म म्हणजे राजीनाम्याचा फॉर्म. आपणच शिकवलं हे त्यांना, आणि नंतर प्लांट हेड म्हणतात लॉयल्टी नाही.

आयटीवाल्यांचं २०२२ सालचं आठवत असेल. त्या वर्षी जूनच्या तिमाहीत इन्फोसिसचा अ‍ॅट्रिशन रेट २८.४ टक्के होता, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस वर्षभरात सोडून गेलेले, आणि टीव्हीवर रोज चर्चा की तरुण पिढीला झालंय तरी काय. तीन वर्षांनी जुलै २०२५ मध्ये टीसीएसने साधारण १२ हजार लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं, एकूण माणसांच्या दोन टक्के. कंपनीला गरज उरली नाही की तिने माणूस सोडला तर त्याला रीस्ट्रक्चरिंग म्हणायचं आणि माणसाने कंपनी सोडली तर संस्कार काढायचे. माझा मावसभाऊ पुण्यात आहे आयटीत, तो म्हणतो ताई आम्ही दोघंही एकमेकांना महिन्याच्या हिशेबाने भाड्याने घेतलंय, भांडण कशाला.

पण मी काही सगळ्याच उड्या मारणाऱ्यांची बाजू घेत नाही. सीव्ही येतात, नऊ महिने, अकरा महिने, सात महिने, परत नऊ महिने. फार्मात अशा माणसाचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे औषध बनवून झालं की त्याची स्टॅबिलिटी चालते, म्हणजे सॅम्पल ठराविक तापमानाला चेंबरमध्ये ठेवायचं, खूप उष्ण-दमट हवेसाठी ३० डिग्री आणि ७५ टक्के ह्युमिडिटी, आणि दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी बाहेर काढून तपासायचं. गोळीवर दोन वर्षांची एक्स्पायरी छापली तर ती दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत डेटा जमवत राहावा लागतो. जो आठ महिन्यांत जातो त्याने एका औषधाची सुरुवात बघितली तर शेवट बघितला नाही, मधे कुठल्या इम्प्युरिटीचं प्रमाण का वाढलं, आधीच्या बॅचला असं झालं होतं का, हे त्याला कधीच दिसत नाही. सीव्हीवर मात्र स्टॅबिलिटी अ‍ॅनालिसिस असं बोल्डमध्ये लिहिलेलं असतं. नवीन माणूस आला की आधी एसओपी, म्हणजे कामाच्या लिखित पद्धती, वाचा, ट्रेनिंग रेकॉर्डवर सह्या करा, मग जुन्या अ‍ॅनालिस्टच्या रिझल्टशी त्याचे रिझल्ट जुळवून त्याला क्वालिफाय करा, तोपर्यंत तो स्वतंत्रपणे एक टेस्टसुद्धा करू शकत नाही. हे सगळं झालं आणि तो जरा कामाचा झाला की चतुर्थी येते.

ऑडिटला तर वेगळीच मजा. बाहेरचा इन्स्पेक्टर येतो, तीन वर्षांपूर्वीचा लॉग उघडतो आणि विचारतो हे इंटिग्रेशन, म्हणजे मशीनच्या ग्राफची मोजणी, मॅन्युअली कोणी केलं, का केलं? सही आहे, तारीख आहे, माणूस नाही. तो आता हैदराबादला. सेक्शन हेड नवीन, त्याच्याआधीचा सेक्शन हेड दुबईला. कागद असतो, पण कागदामागची गोष्ट सांगणारं कोणी नसतं, आणि मग क्यूए, म्हणजे क्वालिटीची कागदपत्रं बघणाऱ्या डिपार्टमेंटमधली एक जुनी बाई, जी अठरा वर्षं तिथेच आहे आणि जिला प्रमोशन कधी धड मिळालं नाही, तिला बोलवावं लागतं. तिला सगळं आठवतं. त्या दिवशी सगळे तिच्या मागे-पुढे. ऑडिट संपलं की परत ती आपली कोपऱ्यातल्या टेबलावर. ती निवृत्त झाली की काय करायचं, हा विषय मी दोनदा मीटिंगमध्ये काढला, मिनिट्समध्ये आलाही.

हॉटेलवाल्यांना विचाराल तर ते आम्हाला हसतील. कळंगुट-बागाच्या पट्ट्यात माणूस टिकतो तो सीझनपुरता. ऑक्टोबरला येतात, नेपाळचे, ओडिशाचे, झारखंडचे, ईशान्येकडचे, पावसाळा आला की घरी, आणि पुढच्या सीझनला येतील ते शेजारच्या शॅकवर. आमच्या ओळखीचा एक रेस्टॉरंटवाला म्हणतो, मी कुक ठेवत नाही, कुक मला ठेवतात. आणि गोव्यातला जो चांगला शिकलेला मुलगा असतो तो हॉटेलमध्ये दोन वर्षं काढतो ती क्रूझवर जायला अनुभव पाहिजे म्हणून. तारवावर जाणं ही काही आजची गोष्ट नाही, सासष्टीत पिढ्यान्पिढ्या लोक बोटीवर जात आलेत, सहा-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, परत घरी, परत नवीन बोट. जॉब हॉपिंग म्हणून त्यांच्यावर कोणी लेख लिहिला नाही. त्यांच्या बंगल्यांकडे बघून कोणी लिहिणारही नाही.

आणि मग ती आमची सरकारी नोकरी. गोव्यातली निष्ठा शोधायची असेल तर तिथे बघा, नोकरी लागायच्या आधीपासून असते. माझ्याकडे येणाऱ्या स्थानिक मुलांपैकी कित्येक जण इंटरव्ह्यूतच प्रामाणिकपणे सांगतात, मॅडम एलडीसीचा, म्हणजे सरकारी क्लार्कचा, फॉर्म भरलाय, रिझल्ट लागला की जाणार. बेरोजगारीचा दर आमच्याकडे देशाच्या सरासरीपेक्षा वरचा आहे, आणि त्याच वेळी वेर्णा, कुंडईच्या कंपन्यांना माणसं मिळत नाहीत म्हणून दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून बसेस भरून येतात. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. कारण घरी बसून एलडीसीची वाट बघणं ही लाज नाही, कंपनीत तीन शिफ्ट करणं ही आहे, आणि लग्न जुळवतानाही तसंच. २०२४ च्या शेवटी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक बाहेर आल्या, अटका झाल्या, पेपर भरून आले. लोक हळहळले ते पैसे गेले म्हणून. एवढे पैसे क्लार्कच्या नोकरीसाठी का देत होते हे आमच्या बसमध्ये तरी कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. तिथून कोणी काढत नाही. बाबांच्या पिढीला खाणीवर जे मिळत होतं असं वाटलं होतं, ते आता फक्त तिथे मिळतं.

तर मग प्रायव्हेटमधली निष्ठा गेली का? मला नाही वाटत. ती हलली, एवढंच. मी इतकी वर्षं राजीनामे बघतेय, त्यात एक पॅटर्न इतका स्पष्ट आहे की डोळे मिटून सांगता येतो. क्यूसीचा, म्हणजे औषध तपासणाऱ्या लॅबचा, एखादा चांगला मॅनेजर जातो. पहिले दोन महिने काही होत नाही. तिसऱ्या महिन्यात त्याचा सगळ्यात हुशार अ‍ॅनालिस्ट राजीनामा देतो, पर्सनल रीझन्स. मग अजून एक. सहा महिन्यांत चार-पाच जण त्याच्याकडे. ते पगारासाठी जातात का, थोडं, पण माणसासाठी जास्त. या सरांनी त्यांना नाइट शिफ्टला एकटं सोडलं नव्हतं, डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत काही चुकल्याची नोंद, आलं तेव्हा पोराचं नाव पुढे न करता स्वतः उभे राहिले होते, बहिणीच्या लग्नाला रजा दिली होती. शेठ जे करायचे तेच हे, फक्त शेठच्या जागी सेक्शन हेड आलाय आणि तो स्वतःच दर तीन-चार वर्षांनी कंपनी बदलतो, त्यामुळे त्याच्यामागची सगळी टीमही फिरते. वरचे मालक तर आता मुंबईत, नाहीतर परदेशात, त्यांचा चेहरा आमच्या पोरांनी ॲन्युअल रिपोर्टवर बघितला तर बघितला.

दुसरी निष्ठा बसशी. हसू नका. नवा झुआरी पूल व्हायच्या आधी कुठ्ठाळीला जो जॅम लागायचा, त्या जॅमपायी उत्तर गोव्यातल्या किती लोकांनी वेर्ण्याची नोकरी सोडली असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही, पण मी ऐकलंय, घरी पोचायला साडेआठ, मूल झोपलेलं. २०२२ च्या शेवटी पुलाची एक बाजू सुरू झाली, वर्षभराने दुसरी, आणि आमच्याकडे त्या बाजूचे राजीनामे खरंच कमी झाले. कुठल्या एंगेजमेंट प्रोग्रामने झालं नाही ते काम, पुलाने केलं. प्लांटमध्ये आम्ही मात्र एम्प्लॉई ऑफ द मंथचा फोटो लावतो, खाली प्लास्टिकची फुलं.

कंपन्यांनी माणसं धरून ठेवायला जे बाकीचे उपाय काढलेत ते बघून कधी कधी हसू येतं आणि कधी चीड. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, ट्रेनीला दोन वर्षांचा बाँड, काही ठिकाणी तर मूळ मार्कशीट ठेवून घेतात, जे कुठल्याही कायद्यात बसत नाही. बाँडबद्दल मुलांना वाटतं हा नुसता कागद आहे, फाडून टाकला की झालं. तसं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा बाँड आणि आधी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. नोकरीत असताना लागू असलेली अट, भरतीवर बँकेला खरंच खर्च येतो, म्हणून ती चालते असं म्हटलं. पण सोडल्यानंतर अमक्या कंपनीत जाऊ नकोस, या धंद्यातच काम करू नकोस, असली अट १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २७ खाली टिकत नाही. आमच्याकडून अशी पत्रं जातात, मीच ड्राफ्ट करते. घाबरवायला असतात ती.

परवा क्यूसीमधला एक पेडण्याचा मुलगा आला होता केबिनमध्ये, हैदराबादची ऑफर, पगार जवळजवळ दीडपट. आई-वडील एकटे पडतील म्हणून तो अडकला होता, मी काय सांगते ते बघायला आला, आणि एचआरने जे सांगायचं असतं ते मी पाच मिनिटं सांगितलंही, ग्रोथ, लर्निंग, पुढच्या वर्षीचं प्रमोशन. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडम ते लिहून द्याल? मी लिहून देऊ शकत नव्हते. मग दार लोटून घेतलं आणि त्याला खरं ते सांगितलं. नोटीस पूर्ण कर, मध्येच फोन बंद करून गायब होऊ नकोस, बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनला माझ्याकडेच मेल येतो. रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय जायचं नाही. पीएफ काढू नकोस, पाच वर्षांच्या आत काढलास तर टॅक्स लागतो, ट्रान्सफर कर, पेन्शनची वर्षं मोजली जातात. हिशेबाचे पैसे नव्या कायद्याप्रमाणे दोन कामकाजाच्या दिवसांत यायला पाहिजेत, नाही आले तर मला मेल कर, आणि मेलच कर, व्हॉट्सअ‍ॅप नको. आणि चेंबर नंबर चारच्या सॅम्पलचं जे काय चाललंय ते त्या नवीन मुलीला नीट बसवून दाखव, वहीत लिहून दे, कारण पुढच्या ऑडिटला तिला तिथे उभं राहायचंय. तो हो म्हणाला. ही त्याची दुसरी नोटीस होती, पहिली गेल्या वर्षी काऊंटर ऑफरवर मागे घेतली होती, त्यामुळे यावेळी मी वर विचारलंसुद्धा नाही.